हाराचे खिळे

सांगलीहून परत आलो आणि तिसऱ्या दिवशी दुकानात वर्तमानपत्र आलं. आतल्या पानावर चार ओळी होत्या. विद्यापीठाच्या सांगलीतल्या नव्या कलादालनात छायाचित्रांचं प्रदर्शन सुरू झालं, रसिकांनी गर्दी केली, प्रमुख पाहुण्यांनी शहीद जवानाच्या प्रतिमेला हार घालून उद्घाटन केलं, कार्यक्रम उत्साहात पार पडला. तो फोटो मी काढलेला आहे. तो जवान शहीद झाला असं सरकारनं म्हटलेलं नाही, त्याच्या पलटणीनं म्हटलेलं नाही, त्याच्या बायकोनं तर नाहीच नाही. मग ह्या चार ओळी लिहिणाऱ्याच्या कानात कोण सांगून गेलं? वर्तमानपत्राला दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. म्हणून तो सगळा प्रवास पहिल्यापासून लिहून काढतोय. वाचणाऱ्यांतले बहुतेक त्या दालनात गेलेले नसणार. जे गेले होते आणि माना खाली घालून उभे राहिले होते, त्यांनी तर जरूर वाचावं.

आधी माझ्या धंद्याबद्दल. कोरेगावात माझा फोटो स्टुडिओ आहे, बावीस वर्षं झाली. त्यातलं निम्मं काम गेलेल्या माणसांचं. आमच्या भागात माणूस जिवंत असेपर्यंत त्याचा फोटो काढायचं कुणाला सुचत नाही. तो गेला की घरचे एखाद्या लग्नातला घोळक्याचा फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, ह्यातलं मागच्या रांगेतलं डोकं मोठं करून द्या. मी ते डोकं मोठं करतो, ब्रशानं कोट काढतो, फेटा चढवतो. मग त्याला चौकट होते, काचेवर कुंकवाचं बोट लागतं, हार पडतो आणि तो सोप्यातल्या भिंतीवर जातो. भिंतीवर मोठा फोटो आणि त्याला हार, म्हणजे माणूस गेला. हे शेंबड्या पोरालाही कळतं. विद्यापीठाला मात्र कळत नाही.

आता त्या फोटोबद्दल. चार-पाच वर्षांपूर्वी विट्याच्या पुढच्या एका वस्तीवर लग्नाचे फोटो काढायला गेलो होतो. शेजारच्या अंगणात सुट्टीवर आलेला एक जवान लिंबाच्या झाडाला आरसा अडकवून दाढी करत होता. महादू त्याचं नाव. निम्मा गाल साफ, निम्म्यावर फेस. मला बघून हसला आणि म्हणाला, "काढा की, नवरदेवापरीस मी काय वाईट हाय?" मी काढला. पुढे सुट्टी संपली, एकाहत्तरची लढाई झाली, घरी तार आली की महादू बेपत्ता. त्यानंतर काहीच आलं नाही. वर्षभरानं त्याचे वडील, बिरूतात्या, त्याचा बारकासा फौजी फोटो घेऊन माझ्याकडे आले. भिंतीवरचा करून द्या म्हणाले. मी माप लिहून घेतोय तोवर मागच्या गाडीनं त्यांची सून हौसा येऊन थडकली. तिनं माझ्या टेबलावरचा फोटो उचलला आणि सासऱ्याला म्हणाली, "मामंजी, कागद आल्याबिगर भिंतीवर काय जायाचं न्हाई." म्हाताऱ्यानं मान खाली घातली. मी तिला त्या दाढीच्या फोटोची एक लहान प्रत दिली. ती तिनं ट्रंकेत ठेवली.

विद्यापीठानं 'आपली माणसं' म्हणून फोटो मागवले तेव्हा हाच फोटो मोठा करून द्यायचं ठरवलं. अर्जात स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'सुट्टीतली सकाळ. जवान लढाईपासून बेपत्ता आहे.' आणि हौसाला कार्ड टाकलं की तू ये, सांगली मिलिट्रीवाल्यांचा मुलूख आहे, मोठी माणसं येतील, कुणीतरी चेहरा ओळखेल. हे आमिष मी दाखवलं. ते मी नाकारत नाही.

बुधवार. सातारा, उंब्रज.

साताऱ्याच्या पेठेत चौकट करायला टाकली होती. चौकटवाला म्हातारा, हाताला सुबक, पण सवयीचा गुलाम. बघतो तर वरच्या दोन्ही कोपऱ्यांत पितळी खिळे ठोकलेले. हार अडकवायचे.

मी म्हटलं, "अहो, हे कशाला? माणूस जिवंत आहे."

तो म्हणाला, "एवढा मोठा फोटो जिवंत माणसाचा कोण करतो? हाताला वळण पडलंय, ठोकले गेले. आता काढायला गेलो तर काच तडकेल. राहू द्या, दिसत पण नाहीत."

गाडीची वेळ झाली होती. राहू दिले. पाव शेर कंदी पेढे घेतले आणि कऱ्हाडच्या एस.टी.त बसलो. फोटो मांडीवर उभा. कंडक्टर तिकीट फाडताना एकदा फोटोकडे आणि एकदा माझ्याकडे बघून आवाज खाली आणून म्हणाला, "मुलगा का?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "लय वाईट झालं." मी तोंड उघडेपर्यंत पुढच्या बाकावर गेला.

उंब्रजला चाक बसलं. तासभर तरी जाणार म्हणून हमरस्त्यावरच्या हॉटेलात शिरलो. फोटो भिंतीला टेकवून बाकावर उभा केला आणि तोंड धुवायला मागे गेलो. परत येऊन बघतो, तर फोटोपुढे एका चिरलेल्या बटाट्यात उदबत्ती खोचलेली आणि एक उसाचा शेतकरी टोपी काढून हात जोडून उभा. माझं डोकं फिरलं. हॉटेलवाल्याला म्हटलं, "कुणी सांगितलं तुला उदबत्ती लावायला?"

"आवं पावनं, तुमीच फोटो उभा क्येलाय. त्यात वर हाराचं खिळं. आमी काय समजायचं?"

"त्यो जिता हाय."

"आसं व्हय?" त्यानं फोटो नीट न्याहाळला, हसला, आणि बटाटा उचलून आत नेला. संध्याकाळी त्याची भजी झाली असणार. चहा मात्र फक्कड होता, आलं ठेचून घातलेला. मी त्याच्याकडे पक्कड मागितली. तो शोधायला लागला तेवढ्यात ड्रायव्हरनं हॉर्न दिला. फोटो चादरीत गुंडाळला आणि पळालो. त्या हॉटेलवाल्यावर मी कऱ्हाड येईपर्यंत चरफडत होतो. आता वाटतं, सगळ्या प्रवासात सांगितल्यावर ऐकणारा तोच एक भेटला.

गुरुवार. विट्याजवळची वस्ती.

कऱ्हाड सोडून पूर्वेला निघालं की ऊस मागे पडतो आणि रंग बदलतो. तांबूस माळ, बोरी-बाभळी, लांबवर मेंढरांचा ठिपका. आमच्या कोरेगावाकडे पाव्हणा आला की आधी चहा ठेवतात. इथे आधी पायावर पाणी, मग घोंगडं, मग ताक, आणि ताक पिऊन होईपर्यंत कुणी कामाचं बोलत नाही. जेवायला बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि हुलग्याचं पातळ माडगं. मी म्हटलं, "तात्या, आमच्याकडं हुलगं बैलाला घालत्यात."

बिरूतात्या म्हणाले, "म्हनूनच तुमची बैलं तुमच्यापरीस टनक."

पोटभर जेवलो. हौसा वाढत होती. पंचविशीची बाई, बोलणं तुटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नुकतीच संक्रांत झालेली. मी सहज विचारलं, हळदीकुंकू झालं का? ती भाकरी आणायला उठली. ती चुलीकडे गेल्यावर तात्यांनी सांगितलं. वस्तीवरच्या बायकांना तिला बोलवावं की न बोलवावं तेच कळत नाही. बोलवावं तर आणि काही निघालं तर? न बोलवावं तर आणि तो आला तर? म्हणून त्या तिच्या दारावरून नुसत्याच पुढे जातात. तीन संक्रांती झाल्या. लढाई सरकारनं केली, तार सरकारनं पाठवली, आणि हिशेब चुकवायला ही एकटी.

चादरीतला फोटो दाखवू का म्हणून तिला विचारलं. ती म्हणाली, "नगं आण्णा. तितंच बगते, समद्यांच्या संगट." निघताना तात्या एवढंच म्हणाले, "हिला न्येताय तशी माघारी आना."

शुक्रवार. सांगली.

सकाळच्या गाडीनं तासगाववरून सांगली गाठली. बाजारात शिरलं की हळदीच्या वासानं नाक भरतं. आमच्याकडे भडंग म्हणजे मुरमुऱ्याला तिखट लावलं की झालं, पण इथलं खाल्ल्यावर ते नाव घ्यायची आपल्याला लाज वाटते. हौसानं कृष्णेच्या घाटावर तोंड धुतलं, नवीन लुगड्याची घडी मोडली आणि बाजारात हळदीची एक नि कुंकवाची एक अशा दोन पुड्या घेतल्या. म्हटलं, एवढं कशाला गं? म्हणाली, "हितलं लय चांगलं मिळतं. आसू द्या घरात." सकाळीच दालनात जाऊन मी फोटो पोचता केला होता. तिथल्या माणसानं पावती दिली, पण फोटो मला आत न्यायला दिला नाही, टांगायचं आम्ही बघू म्हणाला.

साडेपाचला गेलो. इमारत नवी, भिंती पांढऱ्याफेक. दारावर पांढऱ्या मिशांचा वॉचमन, ताठ. आत माणसं पन्नास-साठ, सगळी परीटघडीची. मी आधीच टपालानं पाठवलेले बाकीचे पाच लहान फोटो मागच्या बोळात लावले होते, पाण्याच्या माठाजवळ. त्याचं काही नाही. पण महादूचा फोटो दारासमोर, मधोमध, सगळ्यांत उंच. मला क्षणभर बरं वाटलं. हौसा समोर जाऊन उभी राहिली. इतका मोठा नवरा तिनं कधी बघितला नव्हता. ती जराशी हसली आणि म्हणाली, "कानाखाली फेस तसाच ऱ्हायलाय बगा."

मग मी खालची पाटी वाचली. 'वीर जवान.' माझी 'सुट्टीतली सकाळ' कुठे गेली? प्रदर्शन भरवणाऱ्या प्राध्यापकांना शोधून विचारलं. त्यांच्या हातात कार्यक्रमाचा कागद होता. म्हणाले, "नंतर बोलू, पाहुणे आलेत."

पाहुणे आले. नारळ फुटला, समई लागली. निवेदिकेनं जाहीर केलं, आता पाहुण्यांच्या हस्ते प्रतिमापूजन. आपल्याकडे कुठल्याही कार्यक्रमाला हे लागतंच. गोठ्याचं उद्घाटन असलं तरी टेबलावर कुणाची तरी तसबीर मांडून तिला हार घालतात. ताटात हार होता, हळदकुंकू होतं, तसबीर मात्र नव्हती. सरस्वतीची तसबीर कपाटात, कपाटाची किल्ली कारकुनाकडे, कारकून रजेवर. पाहुणे हार हातात घेऊन उभे. प्राध्यापकांनी इकडेतिकडे बघितलं आणि महादूकडे बोट केलं.

पाहुणे पुढे झाले. कुंकवाचं बोट काचेवर टेकवलं. हार वर नेला आणि दोन्ही टोकं त्या दोन पितळी खिळ्यांवर अशी चपखल बसवली, जणू आयुष्यभर तेच करत आले होते. मग वळून म्हणाले, "देशासाठी प्राण देणाऱ्या ह्या सुपुत्राला आपण दोन मिनिटं शांत उभं राहून श्रद्धांजली वाहू." साठ माना खाली गेल्या.

हौसा चालत पुढे गेली, पाहुण्यांच्या समोर उभी राहिली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "सायेब, तार आली का?"

पाहुण्यांनी डोळे उघडले.

"कवा आली? मला कुनी सांगितलं न्हाई."

प्राध्यापक कुजबुजले, "बाई, शांतता चालू आहे."

तिला खरंच वाटलं होतं की एवढा मोठा माणूस हार घालतोय, म्हणजे त्याच्याकडे कागद आला असणार. ती रडत नव्हती. उत्तरासाठी थांबली होती. तिचं तोंड मी जन्मात विसरणार नाही. मी पुढे झालो. "हौसा, तार न्हाई, कागद न्हाई. ह्यास्नी कायबी ठावं न्हाई."

"मग हार का घातला?"

तेच मी पाहुण्यांना विचारलं, आणि हळू नाही विचारलं. ते काही वाईट माणूस नव्हते, गोंधळले. म्हणाले, "मला दाखवली त्या प्रतिमेला घातला. दिवसाला चार ठिकाणी घालावा लागतो हो. कुणाची आहे ते कुठं बघत बसणार?" हे त्यांनी साठ माणसांसमोर सांगितलं आणि एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

प्राध्यापक मला म्हणाले, "पण बेपत्ता असं तुम्हीच लिहून दिलंय. तीन वर्षं बेपत्ता म्हणजे तेच ना?"

"तेच म्हणजे काय?"

"भावना लक्षात घ्या."

"तुमच्या घरातलं माणूस गाडी चुकून उद्या आलं नाही, तर परवा हार आणून ठेवाल का?" मी म्हटलं. आणखीही बरंच बोललो. बोललो त्यातल्या एका शब्दाचाही मला पश्चात्ताप नाही. मागून कुणीतरी म्हणालं, ह्यांना चहा द्या. चहा!

हौसानं आमच्याकडे लक्ष दिलं नाही. ती टाचा उंच करून हार काढायला लागली. तो खिळ्यांत अडकला. तिनं हिसडा मारला तशी दोरी तुटली आणि शेवंतीची फुलं फरशीभर पसरली. मग पदरानं काचेवरचं कुंकू पुसलं. पहिल्यांदा ते फेसावर फासलं गेलं, गाल गुलाबी झाला. तिनं पदर ओला करून आणला आणि पुन्हा पुसला, पार निघेपर्यंत. मग फोटो खाली घेतला. प्राध्यापक म्हणाले, प्रदर्शन पंधरा दिवस आहे, यादीत नोंद आहे, असा नेता येणार नाही. मी म्हटलं, नोंदीला हार घाला.

दारात वॉचमननं आम्हाला थांबवलं. मला वाटलं आता हा फोटो काढून घेणार. त्यानं हौसाला विचारलं, "पोरी, कंची पलटन?"

तिनं सांगितली. नंबर तिला तोंडपाठ होता. त्यानं मनाशी घोळवला, मान हलवली. "मी वळखत न्हाई. दुसऱ्या पलटनीत व्हतो मी." फोटोकडे बघून म्हणाला, "फौजेत कागद आला की गेला. न्हाई तवर हजेरीत नाव ऱ्हातं. ह्या आतल्या लोकास्नी काय कळतंय?" मग आपल्या खोलीतनं पक्कड आणली, पायरीवर बसून फोटो मांडीवर आडवा घेतला आणि दोन्ही खिळे सावकाश उपटले. काच तडकली नाही. खिळे त्यानं माझ्या हातावर ठेवले.

विट्याची गाडी सातची होती. हौसा खिडकीशी, फोटो आमच्या दोघांच्या मध्ये. तासगाव गेलं तरी मी विद्यापीठाचा, पाहुण्यांचा, निवेदिकेचा, रजेवरच्या कारकुनाचा उद्धार करत होतो. बराच वेळ ऐकून तिनं मधेच विचारलं, "आण्णा, खिळं तुमी आदी बगितलं व्हतं?"

काय सांगू? साताऱ्याला बघितले होते. उंब्रजलाही बघितले होते.

"व्हय," मी म्हटलं.

"मग?"

बावीस वर्षं त्या खिळ्यांवर माझं पोट चाललंय, म्हणून ते माझ्या डोळ्यांना खुपले नाहीत, एवढंच खरं. विट्याला उतरल्यावर तिनं फोटो स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "ह्यो आता मी द्येनार न्हाई. परत कुटं लावायचा आसला तर ते आल्यावर त्यास्नी इचारा."

"इचारतो," मी म्हटलं.

काल तात्यांचं कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. वर्तमानपत्र विट्यात पोचलं, तिथून वस्तीवर. कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि तीन वर्षं दारावरून पुढे जाणाऱ्या बायका डोक्यावर पदर घेऊन रडायला तिच्या दारात आल्या. हौसानं त्यांना आत बसवलं. सांगलीच्या पुड्या सोडल्या, ताट केलं, आणि एकेकीच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं. एकीलाही नको म्हणता आलं नाही. मग म्हणाली, आता मला लावा. त्यांनी लावलं.

कार्डाच्या शेवटी तात्यांनी लिहवून घेतलंय : 'पेपरवाल्यास्नी कळवा, कुकू हाय तितं हाय.' ते मी इथं कळवलं.